पक्ष आणि पुरावा

२०२२ सालच्या भाऊबिजेची गोष्ट. ठाण्याला नौपाड्यात आईकडे आम्ही सगळे जमलो होतो. ओवाळून झाले होते, फराळाच्या बश्या हातोहात फिरत होत्या आणि कोणाच्या चकल्या अधिक खुसखुशीत झाल्या या निरुपद्रवी विषयावर मतभेद चालू होते. इतक्यात मामाने खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. समोर बसलेल्या माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मोबाईल काढला. विषय निघाला तीन आठवड्यांपूर्वीच्या दसरा मेळाव्यांचा. त्या वर्षी जूनमध्ये शिवसेना दुभंगली होती आणि ५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, मुंबईत तिचे दोन मेळावे भरले होते : शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा आणि वांद्रे-कुर्ला संकुलात एकनाथ शिंदे यांचा. कोणत्या मैदानात माणसे अधिक होती, एवढाच प्रश्न. मामाच्या कात्रणात एक आकडा होता, दादाच्या मोबाईलवर दुसरा.

दादा लहानपणापासून मामाला 'तू' म्हणत आला आहे. त्या दुपारी तो म्हणाला, "तुम्ही तुमचं पत्र वाचा. विकलं गेलंय ते."

त्या एका 'तुम्ही'ने घरात जी शांतता पसरली, ती शिवीनेही पसरली नसती. मामा म्हणाला, "आणि तुझं काय धर्मार्थ निघतं?" आणि चहा न घेता उठला. पुढच्या वर्षी, २०२३ साली, मामा सकाळी येऊन ओवाळून घेऊन गेला. दादा डोंबिवलीहून संध्याकाळी आला. आईने फराळाची ताटे दोनदा मांडली.

दोघांपैकी कोण कोणत्या बाजूचा, हे मी येथे सांगणार नाही. सांगितले की निम्मे वाचक हा लेख येथेच मिटवतील आणि उरलेले निम्मे मान डोलावीत पुढे वाचतील. आणि दोघांच्याही हाती काही लागणार नाही. मला बोलायचे आहे ते त्या दोन पत्रांविषयी, आणि 'पक्षपाती' या शब्दाविषयी. हा शब्द आपण हल्ली इतक्या सहजपणे फेकतो की, त्याने आपण नेमके काय म्हणतो याचा विचार करण्याचे कोणी कष्ट घेत नाही.

•

वर्तमानपत्रावर आपण दोन आरोप करतो आणि दोन्ही एकाच दमात करतो. पहिला, ते एका बाजूचे आहे. दुसरा, ते खोटे छापते. हे दोन आरोप एक नव्हेत. एखादा वकील आपल्या अशिलाच्याच बाजूने बोलतो म्हणून तो खोटे बोलतो असे होत नाही. आणि एखादा माणूस कोणाच्याच बाजूचा नाही म्हणून तो खरे बोलतो असेही होत नाही. परंतु मामाला दादाचे पत्र 'एकांगी' वाटते, म्हणून त्यातला आकडाही खोटा वाटतो. आणि आपले पत्र 'आपले' वाटते, म्हणून त्यातला आकडा तपासावासा वाटत नाही.

हा दोष केवळ नौपाड्याचा नाही. १९८२ साली बैरुतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांत हत्याकांड झाले. त्याविषयी अमेरिकन दूरचित्रवाणीने दाखवलेल्या बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी दोन गटांतील विद्यार्थ्यांना दाखवल्या. एक गट इस्राएलच्या बाजूचा, दुसरा अरबांच्या. बातम्या त्याच, चित्रे तीच. पाहून झाल्यावर दोन्ही गट म्हणाले की या बातम्या आमच्या विरुद्ध पक्षपाती आहेत! हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा मला हसू आले नाही. फराळाच्या बश्या आठवल्या. पक्षपात पुष्कळदा छापणाऱ्याच्या शाईत असतो हे खरे, पण तो वाचणाऱ्याच्या चष्म्यातही असतो, हे आपण कबूल केले पाहिजे.

मग तपासायचे तरी कसे? माझ्यापुरता मी एक मार्ग काढला आहे. बातमीतले शब्द वेगळे काढायचे आणि बातमीतले आकडे, नावे, तारखा वेगळ्या काढायच्या.

शब्द पाहा. जून २०२२ मध्ये जे घडले त्याला मराठीत निदान चार नावे मिळाली : बंड, उठाव, फूट आणि गद्दारी. घटना एक; आमदार तेच, तारीख तीच, सुरत-गुवाहाटीचा प्रवास तोच. तरी 'उठाव' म्हणताच १८५७ आठवते आणि 'गद्दारी' म्हणताच फितुरीने उघडलेला किल्ल्याचा दरवाजा दिसतो. 'फूट' या शब्दात कोणी काही केलेच नाही. भांडे आपसूक फुटावे तशी ती 'पडते'. 'बंड' हा शब्द तर मोठा सोयीचा. ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे त्याचा गौरव करावा किंवा निर्भर्त्सना. यांतला कोणता शब्द निवडायचा हा त्या पत्राचा पक्ष आहे. त्याबद्दल मी रागावणार नाही. तो पक्ष दिसतो आहे, उघड आहे, आणि मला पटत नसेल तर मी मनातल्या मनात शब्द बदलून वाचू शकते.

याहून मला भीती वाटते ती 'असे समजते', 'असे बोलले जाते', 'राजकीय वर्तुळात चर्चा आहे' या क्रियापदांची. समजते, पण कोणाला? बोलले जाते, पण कोणाकडून? मी शाळेत मराठी शिकवते. कर्त्याशिवाय वाक्य लिहिणाऱ्या मुलाला मी 'कर्ता कोण?' असे समासात लिहून वही परत करते. आमच्या राजकीय वार्तेतले निम्मे कर्ते असे बेपत्ता असतात. जिथे कर्ता नाही तिथे जबाबदारी नाही. आणि उद्या ते खोटे ठरले तर माफी कोणी मागायची, हाही प्रश्न उद्भवत नाही.

आता आकडे. भाऊबिजेच्या त्या प्रसंगानंतर मी आठवीच्या मुलांना पटांगणावर नेले आणि खडूने १० फूट लांब, १० फूट रुंद असा चौकोन आखला. मुले ऐसपैस उभी राहिली तेव्हा त्यात ११ मावली. दाटीने उभी केली तेव्हा २३. एकमेकांच्या पायांवर पाय देत, हसत, ओरडत कशीबशी ३८. ही युक्ती माझी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात हर्बर्ट जेकब्ज नावाचे पत्रकारितेचे अध्यापक अमेरिकेत बर्कली येथे विद्यार्थ्यांच्या सभा पाहत असत; त्यांनी जमीन चौकोनांत विभागून गर्दी मोजण्याची रीत घालून दिली. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि श्वास कोंडणाऱ्या गर्दीत अडीच.

शिवाजी पार्कचे मैदान सुमारे २८ एकरांचे. म्हणजे साधारण १२ लाख चौरस फूट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, व्यासपीठ आणि वाटासुद्धा न सोडता, दाट गर्दीने ते भरले तर २ लाख ७० हजारांच्या आसपास माणसे होतील. विरळ भरले तर १ लाख २० हजार. त्या मैदानावर पाच लाखांची सभा झाली असे कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही सभेविषयी कोणी छापले, तर माझी आठवीची मुले त्याला हसतील; कारण श्वास कोंडून उभे केले तरी हा हिशेब पाच लाखांना पोहोचत नाही. हा गुणाकार-भागाकार करायला दहा मिनिटे लागतात. मामाच्या पत्रानेही तो केला नव्हता आणि दादाच्याही नाही. दोघांनी आकडा पक्षाच्या कचेरीतून घेतला आणि आपापल्या वाचकाच्या ताटात वाढला.

•

येथे कोणी म्हणेल, बाई, पूर्वी असे नव्हते. पूर्वीची पत्रे निःपक्षपाती होती, आता सगळा बाजार झाला आहे. हे वाक्य मी डोंबिवलीच्या गाडीत आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. ते ऐकायला गोड आहे, पण इतिहासाला धरून नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी घेऊन. त्यानंतर मराठीत जी पत्रे नावारूपाला आली त्यांतली बहुतेक कोणत्या ना कोणत्या बाजूची होती, आणि तसे असल्याचा त्यांना अभिमान होता. 'केसरी' बाजूचा होता, 'सुधारक' बाजूचा होता. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघालेला अत्र्यांचा 'मराठा' तर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने लढण्यासाठीच जन्माला आला. १९८८ साली सुरू झालेल्या 'सामना'नेही आपला पक्ष कधी लपवला नाही. बाजू घेणे हे पाप असेल तर मराठी पत्रसृष्टीचा अर्धा इतिहास पुसावा लागेल, आणि तो अर्धा अधिक तेजस्वी आहे.

पण त्याच इतिहासात तीन प्रसंग असे आहेत की ते प्रत्येक बाजूच्या संपादकाने दिवाळीच्या पहाटे एकदा तरी आठवावेत. त्यांतला तिसरा आपल्या ठाण्याचा आहे.

पहिला १८८२ चा. 'केसरी' आणि 'मराठा' ही जोडपत्रे निघून जेमतेम वर्ष झाले होते. ('मराठा' म्हणजे टिळकांचे इंग्रजी पत्र, अत्र्यांचे पुष्कळ नंतरचे.) आगरकर आणि टिळक दोघेही पंचविशीच्या आगेमागेचे. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले तरुण शिवाजी महाराज यांचा छळ होतो आहे, अशी कुजबूज सगळीकडे होती. त्या वेळी कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. त्यांवर विसंबून या पत्रांनी कारभाऱ्यांवर घणाघाती टीका केली. बर्वे कोर्टात गेले. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे ऑक्टोबरअखेर सुटले. खटल्याच्या वेळी त्यांच्यासाठी दहा हजारांच्या जामिनाला उभे राहिले ते जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले रामशेठ उरवणे. म्हणजे मतांनी दुसऱ्या काठावरचे गृहस्थ. हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या प्रसंगाचे तात्पर्य आपण सहसा असे सांगतो की, दोघे तेजस्वी तरुण लोकांसाठी तुरुंगात गेले. ते खरेच आहे. पण त्यात एक कडू बी आहे, ते आपण थुंकून टाकतो. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. तक्रार खरी होती. पुरावा खोटा होता. आणि खोटा पुरावा कोर्टात उघडा पडला तेव्हा तो एकटा पडला नाही; खऱ्या तक्रारीलाही घेऊन पडला. ज्या तरुण राजासाठी हे सारे लिहिले, त्याच्या उपयोगी ते पडले नाही.

दुसरा प्रसंग १८९७ चा. पुण्यात प्लेग होता. घरोघर झडती घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांच्या वागणुकीने लोक संतापले होते. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधाराने त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रात सांगितले की, सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. गोखले परत आले, पुरावा शोधू लागले, आणि पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येऊन ते शाबीत करून देईना. गोखल्यांनी कोणाचे नाव उघड केले नाही. सारा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांना देशात केवढी हेटाळणी सोसावी लागली! 'भित्रा', 'लाचार' असे शब्द त्यांच्या वाट्याला आले. येथेही तेच झाले. झडतीतला जाच खरा होता. देवघरापर्यंत शिरलेले बूट खरे होते. पण एक गोष्ट शाबीत होईना, एवढ्यावर सरकारला बाकीच्या दहा गोष्टी झटकून टाकता आल्या.

तिसरा प्रसंग आपल्या गावचा. ठाणे हे एके काळी वर्तमानपत्रांचे गाव होते, हे आज स्टेशनबाहेरच्या गर्दीत कोणाला खरे वाटणार नाही. १८६६ साली येथून 'अरुणोदय' निघाले. 'हिंदुपंच' नावाचे पत्रही येथलेच. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि महाराष्ट्र सुन्न झाला. त्या वेळी गोखले पुन्हा विलायतेत होते, भारतमंत्री मोर्ले यांच्याशी सुधारणांची बोलणी करीत होते. सुरतेच्या फाटाफुटीला वर्षही झाले नव्हते. दुःखात माणूस जवळचा अपराधी शोधतो. 'हिंदुपंच'ने गोखल्यांवर ठपका ठेवला : टिळकांच्या शिक्षेमागे यांचा हात आहे. गोखल्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ मध्ये निकाल पत्राच्या विरुद्ध गेला. पुढे पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, त्यावरून दिसते की खुद्द मोर्ले यांना हा खटला पसंत नव्हता. आपला सल्ला घेतला असता तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असेच सांगितले असते, असे त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरला कळवले होते.

'हिंदुपंच' लिहिणाऱ्याच्या भक्तीविषयी मला शंका नाही. त्याचे मन टिळकांसाठी जळत होते. पण त्या मजकुराने टिळकांची सुटका एका दिवसानेही अलीकडे आली नाही. ते जून १९१४ मध्येच परत आले. १८९७ मध्ये शाबीत न होणारे लिहून पोळलेले गोखले, १९०९ मध्ये दुसऱ्याच्या अशाच लेखणीने पोळले. इतिहासाने फासे फिरवून दाखवले, पण शिकवण तीच ठेवली : ज्याला पक्ष आहे, त्यालाच पुराव्याची गरज अधिक. ज्याला कोणाचीच बाजू घ्यायची नाही त्याची चूक फक्त त्याची. पण जो कोणाची तरी बाजू घेतो त्याची चूक, ज्याची बाजू घेतली त्याच्या अंगावर पडते.

•

मग बाजू न घेणारी पत्रे तरी निर्दोष का? ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर पी. साईनाथ यांनी 'हिंदू' पत्रातून असे दाखवून दिले की, एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी वर्तमानपत्रांत एकाच नेत्याच्या गौरवाचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. वर 'जाहिरात' असे लिहिलेले नव्हते. तो बातमीच्या वेशात होता. या 'पेड न्यूज'विषयी प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० साली विस्तृत अहवाल तयार केला. कौन्सिलने आधी त्याची आखूड आवृत्तीच बाहेर काढली. मूळ अहवाल २०११ साली माहितीच्या अधिकारामुळे लोकांपुढे आला. आणि प्रेस कौन्सिलला कायद्याने अधिकार तो किती? समज देण्याचा, नापसंती व्यक्त करण्याचा. दंड नाही, शिक्षा नाही.

त्या गौरवलेखांत कोणाचीच बाजू घेतलेली दिसत नव्हती. म्हणूनच ते घातक. उघड पक्षाचे पत्र दारावर पाटी लावून बसते. वाचक आत शिरतानाच सावध असतो. पण जे पत्र 'आम्ही कोणाचेच नाही' अशी पाटी लावते आणि मागल्या दाराने मजकूर विकत घेऊ देते, त्याने वाचकाची सावधपणाची सवयच मारून टाकली. मामा आणि दादा एकमेकांच्या पत्राला 'विकलेले' म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. एकदा बातमी खरोखर विकली गेली की, न विकलेल्या बातमीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

आणि आपण स्वतः? दरवर्षी १ मे जवळ आला की मी वर्गात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा धडा घेते. एका वर्षी एका मुलीने विचारले, "बाई, हुतात्मे किती?" मी सांगितले, "एकशे पाच." ती म्हणाली, "भाषणात साहेब एकशे सहा म्हणाले." दुसरा मुलगा उठून म्हणाला, "बातमीत एकशे सात होतं." तिन्ही आकडे आजही छापून येतात. आपण सगळे त्या हुतात्म्यांच्या बाजूचे. महाराष्ट्रात या प्रश्नाला दुसरी बाजूच नाही. तरीही आकडा निसटतो, कारण उमाळा आला की मोजणे आपल्याला क्षुद्र वाटते. त्या मुलीने मग विचारले, "मग एकशे सहावा कोण होता?" मी गप्प बसले. आकड्यातला एक म्हणजे एक घर असते, एक आई असते. मोजणे क्षुद्र नाही. मोजणे हाच आदर आहे, हे मला त्या मुलीने शिकवले. आता मी धड्याच्या दिवशी आकडा सांगत नाही. मुलांना नावे मिळवून आणायला सांगते, आणि मग आम्ही मोजतो.

•

मी कादंबऱ्या लिहिते. कादंबरीत मी वाटेल ती खोटी माणसे उभी करते, त्यांना कल्याणच्या पुलावर भेटवते, मारते, जिवंत करते. मला कोणी जाब विचारीत नाही, कारण मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे लिहिलेले असते. वर्तमानपत्राच्या कपाळावर तो शब्द नसतो. म्हणून त्याच्यापाशी मी दोनच गोष्टी मागते. पक्ष सोड, असे मी म्हणत नाही.

पहिली गोष्ट, कर्ता सांग. कोण म्हणाले, कोणी मोजले, कशावरून. नाव देता येत नसेल तर का देता येत नाही ते सांग. गोखल्यांनी नावे दिली नाहीत, पण त्याची किंमत स्वतः मोजली. आपल्याकडची 'सूत्रे' कधीच काही मोजीत नाहीत.

दुसरी गोष्ट, चूक झाली की जिथे केली तिथेच दुरुस्त कर. पहिल्या पानावर आठ रकान्यांत केलेली चूक चार दिवसांनी आतल्या पानात, क्लासच्या जाहिरातीखाली तीन ओळींत दुरुस्त करणे, म्हणजे वऱ्हाडापुढे अपमान करून स्वयंपाकघरात क्षमा मागणे. गोखल्यांचे ते विधान ज्या 'मँचेस्टर गार्डियन'ने छापले, ते पत्र आता नुसते 'गार्डियन' म्हणून निघते. त्याने १९९७ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, वाचकांच्या तक्रारी ऐकून रोज चुका जाहीर कबूल करण्यासाठी एक स्वतंत्र संपादक नेमला. आपल्या देशात 'हिंदू'ने २००६ मध्ये तसा संपादक नेमला. चूक कबूल केल्याने पत्राची अब्रू जाते, ही समजूत खोटी आहे. मी फळ्यावर चुकीचे शुद्धलेखन केले आणि मुलांसमोर पुसून दुरुस्त केले, त्या दिवसापासून मुले माझे अक्षर अधिक लक्ष देऊन पाहतात.

आणि वाचकापाशीही एक मागणे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा वाचनालयांच्या लांब टेबलावर सर्व पक्षांची पत्रे एकमेकांना खेटून पडलेली असतात. तुमचे पत्र दुसऱ्याच्या हातात असले की तो खाली ठेवीपर्यंत तुम्ही नाइलाजाने शेजारचे, म्हणजे विरुद्ध बाजूचे, उचलता. तो नाइलाज फार मोलाचा होता. घरी मोबाईल आपल्याला नाइलाज होऊच देत नाही. तो आपली आवड ओळखतो आणि तेच पुन्हा पुन्हा वाढतो. रोज नुसते गोड खाणाऱ्याची जी गत होते, तीच आपल्या मतांची होत आहे. आठवड्यातून एक दिवस विरुद्ध बाजूचे पत्र वाचावे. पटण्यासाठी नव्हे, आपल्या पत्राने काय गाळले ते कळण्यासाठी.

२०२४ च्या भाऊबिजेला आईने दोघांना एकाच वेळी बोलावले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे सगळे जपून बोलत होते. हवामान, गुडघेदुखी, कल्याणपुढची गाड्यांची गर्दी. मी मुद्दाम आठवीच्या मुलांची ती वही बरोबर नेली होती. चौकोन, ११, २३, ३८, आणि शेवटी २८ एकरांचा हिशेब. काही न बोलता ती मी फराळाच्या ताटाशेजारी ठेवली.

मामाने चष्मा लावला. वही उलटून पाहिली, परत सुलटी केली, बोटांवर काहीतरी मोजले. मग, वर न पाहता, त्याने विचारले, "आणि ते बीकेसीचं मैदान केवढं आहे रे?"

दादाने मोबाईल काढला. दोन वर्षांत दोघांपैकी कोणीही आपले पत्र बदललेले नव्हते. आजही बदललेले नाही.

"बघतो मामा," दादा म्हणाला. "तू चहा घे तोवर."